चुंबकाच्या दारी जाण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी या बैठकीत चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता निवडावा हा प्रश्न माझ्यापुढे फार वेळ राहिला नाही. या व्यासपीठावरून आजवर शिक्षणनिधी, विवाहातील वायफळ खर्च, कारागिरांची सहकारी पतपेढी अशा थोर विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली आहेत. त्यांच्या मानाने माझा विषय लहान आहे. डॉक्टरांनी एम. आर. आय. तपासणी सांगितली असता रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी कोणती पूर्वतयारी करावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे. हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहे. परंतु या तपासणीशी माझ्या घराचा तीन वेळा संबंध आला आणि त्यांतील पहिल्या वेळी माझ्याच हातून एक अशी चूक घडली की, तिची आठवण झाली असता आजही माझ्या अंगावर काटा उभा राहतो. ती चूक आपल्यापुढे कबूल करावी आणि आपल्यापैकी कोणाच्याही हातून ती घडू नये, हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगतो. आपल्या देहाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. या अणूचा गाभा म्हणजे स्वतःभोवती फिरणारा एक अतिसूक्ष्म भोवराच होय, आणि प्रत्येक भोवऱ्याच्या अंगी यत्किंचित चुंबकत्व असते. एरवी हे भोवरे वाटेल त्या दिशेस तोंडे करून असतात. रुग्णास प्रचंड चुंबकाच्या पोकळीत निजविले की, त्यांपैकी काही त्या चुंबकाच्या दिशेस वळतात. मग यंत्र विशिष्ट कंपनसंख्येच्या रेडिओलहरी सोडते. त्या लहरींनी हे भोवरे कलतात आणि लहरी थांबताच पूर्वस्थितीस येता येता स्वतःच क्षीण लहरी बाहेर टाकतात. घंटेवर टोला द्यावा आणि टोला थांबल्यावर तिचा नाद ऐकत राहावे, तसेच हे आहे. मेंदू, मज्जारज्जू, स्नायू, कूर्चा यांचा नाद निरनिराळा असतो. त्यावरून गणकयंत्र देहाच्या आतील भागाची चित्रे रेखाटते. यात क्ष-किरणांचा उपयोग मुळीच होत नाही. म्हणून "एम. आर. आय. केल्याने अंगात किरण शिरतात" ही जी समजूत आपल्याकडे आढळते, ती निराधार आहे.

या शोधाची मुळे १९४६ सालात आहेत. त्या वर्षी अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल या दोघा शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अणुगर्भाचा हा नाद द्रव व घन पदार्थांत ऐकला. १९५२ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील या नादावर प्रयोग प्रसिद्ध केले, ही आपणां भारतीयांना अभिमानाची गोष्ट होय. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या तत्त्वावर चित्र काढण्याची रीत दाखविली. १९७७ साली रेमंड डॅमेडियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत मनुष्याच्या छातीचे चित्र घेतले. त्या एका चित्रास जवळजवळ पाच तास लागले! इंग्लंडातील पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्रे झपाट्याने घेण्याची पद्धत शोधली. हे मॅन्सफील्ड वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात कामास लागले होते. लॉटरबर आणि त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कारखान्यात उमेदवारी करीत असलेल्या आपल्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या यंत्रातील चुंबक साधारणतः दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचा असतो. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या ज्या चुंबकत्वाने होकायंत्राची सुई फिरते, त्याच्या सुमारे ३० हजार पट! आणि हे चुंबकत्व दिव्याप्रमाणे बटण दाबून लावले व मालविले जात नाही. चुंबकाच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली सुमारे २६९ अंश इतक्या थंडीत बुडालेली असतात. त्या थंडीत विजेस विरोध राहत नाही आणि एकदा सोडलेला प्रवाह अखंड फिरत राहतो. तपासणी चालू नसो, रात्र असो, वीज गेलेली असो, चुंबक जागाच असतो. आजच्या भाषणातील दुसरे काही स्मरणात राहिले नाही तरी चालेल; एवढे एक वाक्य मात्र घरी घेऊन जावे.

आपण पांचाळ मंडळी. लोखंड, लाकूड, तांबे, पाषाण आणि सोने ही आपली पिढीजात दैवते. चुंबक लोखंडास कसा ओढतो हे आपल्या मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, आपल्या ज्ञातीला या तपासणीत एक विशेष धोका आहे. तो कोणता, हे माझ्या वडील बंधूंच्या हकिकतीवरून कळेल.

आमचे दादा आयुष्यभर लोहारकाम करीत आले. वडिलांच्या मागे भाता, ऐरण आणि घण त्यांनी सांभाळला, आणि त्या कमाईवर मला शिकविले. पुढे भट्टीच्या जोडीला ग्राइंडर आणि वेल्डिंगचे यंत्र आले. २०१६ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे डोके सतत दुखू लागले आणि चालताना तोल जाऊ लागला. डॉक्टरांनी मेंदूचा एम. आर. आय. करण्यास सांगितले. मी त्यांना घेऊन तपासणी केंद्रात गेलो. तेथे दोन पानांचा एक इंग्रजी छापील तक्ता आमच्या हाती देण्यात आला. हृदयात पेसमेकर आहे काय, मेंदूतील रक्तवाहिनीस चिमटा बसविला आहे काय, कानात यंत्र आहे काय, असे वीस-पंचवीस प्रश्न त्यात होते आणि प्रत्येकापुढे 'होय' व 'नाही' अशा दोन चौकटी होत्या. दादांना इंग्रजी येत नाही. मी शिकलेला! त्यांना एकही प्रश्न वाचून न दाखविता मी खिशातून पेन काढले आणि वरपासून खालपर्यंत 'नाही', 'नाही' अशा खुणा करून, दादांची सही घेऊन, कागद परत केला. या कामास मला एक मिनिटही लागले नाही.

त्या तक्त्यात एक प्रश्न असा होता: "तुमच्या डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता काय?" त्यापुढेही मी 'नाही' हीच खूण केली होती.

दादांना कपडे बदलून आत नेण्याची तयारी झाली. तेथील तंत्रज्ञ एक तरुण मुलगी होती. तिने दादांचा हात धरून त्यांना खुर्चीवरून उठविले आणि ती थबकली. त्यांच्या मनगटांवर आणि बोटांवर ठिणग्यांचे जे बारीक काळे डाग आहेत, ते तिच्या नजरेस पडले. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही काय काम करता?" दादा म्हणाले, "लोहारकी, पोरी. पन्नास वर्षं." तिने पुढे विचारले, "कधी डोळ्यात कण उडाला होता का?" दादा हसून म्हणाले, "एकदा होय? कितीदा उडाला! आई पदराच्या टोकानं काढायची. एकदा मात्र काही केल्या निघाला नाही. चार दिवस डोळा लाल होता, मग आपोआप बरा झाला."

त्या मुलीने तपासणी तेथेच थांबविली, वरिष्ठ डॉक्टरांना बोलाविले आणि दादांच्या डोळ्यांचा क्ष-किरण फोटो काढविला. उजव्या डोळ्याच्या जागी फोटोत एक पांढरा शुभ्र ठिपका उमटला होता, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. कित्येक वर्षांपूर्वी ऐरणीवरून उडालेला लोखंडाचा तो कण आपोआप बरा झालेला नव्हता. तो डोळ्याच्या आत स्वस्थ बसून राहिला होता. डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, या चुंबकाजवळ नेले असते तर हा कण डोळ्यात हलला असता. आतला पडदा फाटून दृष्टी जाण्याचा संभव होता."

मी मान खाली घातली. ज्या भावाने ठिणग्या अंगावर घेऊन मला पदार्थविज्ञान शिकविले, त्याचा डोळा त्याच पदार्थविज्ञानाच्या पदवीधराने एका मिनिटाच्या घाईपायी पणास लावला होता. त्या मुलीने नुसत्या कागदावर विश्वास ठेवला असता, तर?

पुढची हकिकत सुखाची आहे. दादांची तपासणी त्याच दिवशी सी. टी. स्कॅन या दुसऱ्या यंत्रावर झाली; त्यात क्ष-किरण वापरतात, चुंबक नसतो. काही आठवड्यांपूर्वी ते ओसरीवरून पडले होते. त्या वेळी कवटीच्या आत साचलेले रक्त मेंदूस दाबीत होते. शस्त्रक्रियेने ते काढले आणि दादा हिंडूफिरू लागले. डोळ्यातील कण अजून तेथेच आहे. त्यांच्या पाकिटात आता मी एक कागद ठेवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: "उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण आहे. एम. आर. आय. करू नये."

बंधूंनो, आपल्यापैकी ज्यांनी ऐरणीवर, लेथवर, ग्राइंडरवर किंवा वेल्डिंगवर काम केले आहे, त्यांनी हे सांगण्यास लाजू नये आणि विसरू नये. कण निघाला असे वाटत असले तरीही सांगावे. निघाला की नाही ते फोटो ठरवील. अंगात छर्रा किंवा गोळीचा तुकडा राहिला असेल तर तेही सांगावे.

त्याचप्रमाणे देहात वैद्याने बसविलेली प्रत्येक वस्तू सांगावी. पेसमेकर, हृदयाचे ठोके सावरणारे यंत्र, कानाच्या आत बसविलेले श्रवणयंत्र, मेंदूतील रक्तवाहिनीचा चिमटा, औषध सोडणारा पंप, यांपैकी काही असेल तर ते सांगितल्यावाचून त्या खोलीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवू नये. अशा वस्तू असलेल्या सर्वांनाच ही तपासणी कायमची वर्ज्य असते असे मात्र नाही. अलीकडचे कित्येक पेसमेकर विशिष्ट अटी पाळून या यंत्रात नेता येतात. हृदयातील स्टेंट, कृत्रिम गुडघा, हाडातील पट्टी व स्क्रू हे बहुधा अडथळा ठरत नाहीत. परंतु कोणत्या बनावटीची वस्तू आहे, केव्हा बसविली, हे पाहून निर्णय करावयाचा तो डॉक्टरांनी. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले छोटे कार्ड दाखवावे लागते. आपल्या घरांत ते कार्ड बहुधा औषधांच्या रिकाम्या खोक्यांबरोबर फेकून दिले जाते. कृपा करून तसे करू नका.

भगिनींना एक विनंती आहे. गर्भवती असल्यास किंवा तशी शंका असल्यास आधीच सांगावे. आवश्यक असेल तर गरोदरपणातही ही तपासणी करता येते. मात्र शिरेतून देण्याचे औषध सहसा टाळतात. तांबी बसविली असेल तर तेही सांगावे. ती बहुधा आड येत नाही, पण सांगणे आपले काम आहे. सासरा किंवा दीर सोबत आहे म्हणून संकोचाने गप्प राहणे हिताचे नाही. तंत्रज्ञास "मला एकटीला बोलायचे आहे" असे सांगण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे, आणि घरच्या पुरुषांनीही त्या वेळी आपण होऊन बाहेर जावे.

आता अंगावरील वस्तूंविषयी. २०२२ साली आमच्या सौभाग्यवतीच्या गुडघ्याची तपासणी झाली. नथ आणि जोडवी निघाली, पण हातातील पाटल्या सुजेमुळे निघेनात. साबण लावून त्या काढण्यात अर्धा तास गेला. हे काम आदल्या दिवशी घरीच करावयास हवे होते. मंगळसूत्र काढण्यास मात्र तिचे मन तयार होईना. आमच्यातील एक सोनार आप्त सोबत होते. ते म्हणाले, "सोने चुंबकास चिकटत नाही, मग काढावयाचे कशाला?" प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर सर्वांसाठी सांगतो. सोने, चांदी, तांबे यांस चुंबक ओढीत नाही हे खरे. परंतु यंत्रात चुंबकत्व क्षणोक्षणी बदलत असते आणि रेडिओलहरी चालू असतात. त्यायोगे कोणत्याही धातूच्या वेढ्यात वीज उत्पन्न होऊन तो तापू शकतो व त्वचा भाजते. शिवाय धातूभोवतीचे चित्र बिघडते. आणि दागिन्याच्या फाशात किंवा कडीत काय मिसळले आहे हे सोनारबंधूंवाचून कोणास ठाऊक! शेवटी आमच्या वहिनींनी तोड काढली. गरीब घरांत पूर्वी सोन्याऐवजी हळकुंड बांधीत असत. त्यांनी सुती दोऱ्यात हळकुंड ओवून ते सौभाग्यवतीच्या गळ्यात बांधले. तंत्रज्ञाने दोरा तपासून मान डोलावली आणि तपासणी निर्विघ्न पार पडली.

पुरुषांच्या अंगावरही लोखंड पुष्कळ असते. चांदीचा करदोटा, धातूच्या पेटीतला ताईत, शनीसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठी, पट्ट्याचे बक्कल, खिशातील किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, बँकेचे कार्ड, हे सर्व बाहेर ठेवावे. स्त्रियांनी केसांतील आकडे व चाप, साडीच्या पिना, हुक असलेले अंतर्वस्त्र काढून ठेवावे. जरीची साडी किंवा जरीकाठी पोलके नेसून जाऊ नये. जर म्हणजे धातूची तारच होय. डोळ्यांतील काजळ, सुरमा व चकाकणारी प्रसाधने पुसून जावे, कारण काहींत धातूची भुकटी असते. काढता येणारी कवळी, श्रवणयंत्र, साखर मोजण्यासाठी दंडावर लावलेली चकती, औषधाची चिकटपट्टी, यांविषयी तंत्रज्ञास विचारावे. केंद्रात सुती झगा देतात. तो आनंदाने घालावा. त्यात अपमान नाही.

सोबत जाणाऱ्यांचे कर्तव्य तर याहून मोठे आहे. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात, आजारी नातेवाइकाबरोबर आलेला एक तरुण प्राणवायूचे सिलिंडर हाती घेऊन या यंत्राच्या खोलीत शिरला. यंत्र बंद आहे असे त्यास सांगण्यात आले होते. चुंबकाने सिलिंडरासह त्यास खेचले आणि तो प्राणास मुकला. मदतीस धावलेला मनुष्य! २०२५ च्या जुलैत अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका स्त्रीची तपासणी संपली. उठण्यास मदत हवी म्हणून तिचा पती आत आला. त्याच्या गळ्यात व्यायामासाठी घातलेली सुमारे ९ किलो वजनाची साखळी होती. चुंबकाने त्यास ओढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. दोघेही प्रेमापोटी आत गेले होते. म्हणून सांगतो, आत आपला माणूस ओरडला, चक्कर येऊन पडला, तरी तंत्रज्ञाने बोलाविल्यावाचून कोणीही आत धावू नये. काठी, चाकाची खुर्ची, सिलिंडर, कात्री, काहीही आपल्या हाताने आत नेऊ नये. चुंबक बंद करावयाचा तर आतील हेलियम उडवून द्यावा लागतो. ते क्षणात होणारे काम नव्हे.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात. मेंदू, मणका, गुडघा यांच्या साध्या तपासणीस बहुधा उपास लागत नाही. पोटाच्या तपासणीस काही तास उपाशी राहावे लागते. झोपेचे औषध देणार असतील तरीही राहावे लागते. केंद्र जे सांगेल ते प्रमाण मानावे. रोजची रक्तदाबाची वगैरे औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. मधुमेही असल्यास उपासाच्या दिवशी इन्शुलिन किती घ्यावे ते आधी विचारावे. काही तपासण्यांत चित्र स्पष्ट यावे म्हणून गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देतात. बहुसंख्य लोकांना त्याचा त्रास होत नाही. परंतु मूत्रपिंडाचा विकार असेल, डायलिसिस चालू असेल किंवा पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठले असेल, तर ते अवश्य सांगावे. रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल, जुने फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू औषधांची यादी, हे सर्व एका पिशवीत घालून न्यावे. नेमलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि आत जाण्यापूर्वी लघुशंकेस जाऊन यावे. काम वीस मिनिटांत उरकते किंवा तासही लागतो, आणि मध्ये उठता येत नाही.

आता दुसरी कबुली. २०१९ साली माझ्या कंबरेच्या मणक्याची तपासणी ठरली. यंत्राचे सर्व शास्त्र मला पाठ होते. फळी आत सरकली, पोकळीचे छत नाकापासून वीतभर अंतरावर आले, आणि माझा श्वास कोंडला. छातीत धडधडू लागले. हातात दिलेला रबरी फुगा मी दाबला. तंत्रज्ञाने तत्काळ मला बाहेर काढले. वर्गात चाळीस वर्षे चुंबक शिकविणारा मी घामाघूम होऊन परतलो, आणि लाजेने घरी सांगितले की यंत्र बिघडले होते.

दादांनी ते ओळखले. संध्याकाळी ओसरीवर मला जवळ बसवून ते म्हणाले, "खरं सांग, भ्यालास ना? अरे, त्यात लाज कसली? ते यंत्र ठोकतं म्हणतात, घणासारखं. लहानपणी तू भात्याशेजारी पोत्यावर निजायचास. मी आणि बाबा घण घालायचो, आणि तू गाढ झोपायचास. उद्या जा, डोळे मीट आणि घाव मोज."

दुसऱ्या खेपेस मी तंत्रज्ञास भीतीची गोष्ट आधीच सांगितली. त्याने डोळ्यांवर घडी केलेला रुमाल ठेवला, कानांत बोळे बसविले, आणि प्रत्येक चित्रास किती मिनिटे लागतील ते ध्वनिक्षेपकातून सांगत राहीन असे वचन दिले. हात एकमेकांत गुंफू नका, पायांवर पाय टाकू नका, असेही त्याने बजावले. देहाचाच वेढा झाला तर त्यातूनही वीज फिरून त्वचा तापू शकते. आत जाण्यापूर्वीच मी डोळे मिटले. ठोके सुरू झाले. यंत्रातील तारांची वेटोळी प्रवाह बदलताच थरारतात, त्याचा तो आवाज असतो, हे मला माहीत होते. पण त्या दिवशी मला ऐरण ऐकू आली. बाबांचा जड घाव, दादांचा हलका घाव. पंचेचाळीस मिनिटे मी हललो नाही. हलले की चित्र पुसट येते आणि सर्व पुन्हा करावे लागते, म्हणून न हलणे हेच रुग्णाचे खरे काम होय.

ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी ती लपवू नये. नातेवाइकास तपासून आत बसू देतात, मोठ्या पोकळीची यंत्रे काही ठिकाणी असतात, आणि फारच झाले तर डॉक्टर झोपेचे औषध देतात. ते घेतल्यास त्या दिवशी वाहन चालवू नये व सोबत मोठे माणूस असावे.

सभ्य स्त्री-पुरुषहो, आपल्या मंडळाच्या कुटुंबनोंदवहीत प्रत्येक घराचे मूळ गाव, गोत्र, देवक, शिक्षण आणि विवाहयोग्य मुलामुलींची नावे आहेत. परंतु कोणाच्या देहात काय आहे, ते आपणांस आपल्या सख्ख्या भावाविषयीही ठाऊक नसते, हे मी स्वानुभवाने सांगतो. ही माहिती खाजगी आहे. ती मंडळाच्या वहीत नको, प्रत्येक घरच्या वहीत असावी. कोणावर केव्हा कोणती शस्त्रक्रिया झाली, अंगात काय बसविले, कोणते औषध सोसत नाही, डोळ्यात कण गेला होता काय, हे एका पानावर लिहून ते पान पत्रिकांच्या डब्यात ठेवावे. मंडळास माझी नम्र सूचना अशी की, तपासणीपूर्वी विचारले जाणारे प्रश्न सोप्या मराठीत एका कागदावर छापून प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचवावेत. छपाईचा खर्च मी देईन. ती माझ्या त्या एका मिनिटाची भरपाई समजावी.

आणि आपल्या घरातील शिकलेल्या तरुणांना शेवटची विनंती: वडीलधाऱ्यांच्या वतीने कागद भरताना त्यांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि त्यांच्या तोंडून उत्तर ऐका. त्यांना इंग्रजी येत नसेल, पण त्यांच्या देहाचा इतिहास त्यांनाच ठाऊक असतो.

दादा आज समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची ती उजव्या डोळ्याची नजर अजून शाबूत आहे, याबद्दल मी त्या अनोळखी मुलीचे ऋण मानतो.